फोडणी नाही, तर चव कुठून येते? जपानी घरातील रोजच्या जेवणाविषयी

सांजवात (नागोया):
आम्हाला नागोयाला येऊन आठ महिने झाले. येथे भाजी, मासळी आणि तांदूळ उत्तम मिळतात. तरीही रात्री मी आमटी-भाजीच करते, आणि एखाद्या वेळी जपानी पदार्थ करायला घेतला की तो दीड तास खातो. शेजारीण मात्र नोकरीवरून परतल्यावर पाऊण तासात भात, सूप, मासा आणि दोन भाज्या मांडते. मला सुशी किंवा रामेन शिकायचे नाही, हे रोजचे साधे जेवण शिकायचे आहे. मागच्या आठवड्यात येथला काळपट तांबडा मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, आणून आमटीत डाळ घालावी तसा सढळ हाताने घातला, तर सूप खारट आणि तुरट झाले. कांदा-लसूण नाही, फोडणी नाही, मग चव येते कुठून? आम्ही मासे खातो. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि पुढच्या महिन्यात येणार आहेत.

भातुकली (योकोहामा):
आपल्याकडे चव तेलात उतरवतात, येथे ती पाण्यात उतरवतात. त्या पाण्याला दाशी म्हणतात, आणि ती जमली की उरलेला स्वयंपाक जवळजवळ आपोआप होतो. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोम्बू, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजवावे (त्यावरची पांढरी भुकटी धुऊ नये, तीही चवीचीच असते), मंद आचेवर तापवून उकळी फुटण्याच्या आत बाहेर काढावे, मग 20 ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे धुरावलेल्या सुक्या बोनिटो माशाचा कीस, घालून आच बंद करावी आणि दोन मिनिटांनी गाळावे. कोम्बूतील ही चव ग्लुटामिक आम्लाची आहे हे किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये दाखवले आणि तिला ‘उमामी’ हे नाव दिले. कीसातील इनोसिनेट तिच्या जोडीला आले की ती कित्येक पटींनी वाढते; म्हणून दोन्ही एकत्र वापरतात.

अर्थात कामाच्या दिवशी हे सारे फारसे कोणी करत नाही. मी रात्री कोम्बूचा तुकडा पाण्याच्या भांड्यात टाकून फ्रीजमध्ये ठेवते आणि घाई असेल तेव्हा सरळ दाशीची भुकटी वापरते. भुकटीत मीठ असते, तेव्हा मिसो कमी घालावा.

जेवणाची जुनी मांडणी ‘इचिजू सान्साई’, म्हणजे भातासोबत एक सूप आणि तीन पदार्थ, अशी सांगतात. पण तीन पदार्थांचा आग्रह धरूनच आपण थकतो. भाज्या भरपूर घातलेले मिसो सूप, भात, लोणचे आणि एक मासा एवढे पुरते. तुमच्या शेगडीत माशाचा ग्रिल असेलच. साबा, म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासा, मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवावा, सुटलेले पाणी टिपून भाजावा आणि किसलेल्या मुळ्याबरोबर वाढावा. भाजीसाठी आठ भाग दाशी, एक भाग शोयू (सोया सॉस), एक भाग मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू) हे प्रमाण लक्षात ठेवावे. त्यात लाल भोपळ्याच्या फोडी साल खाली करून एका थरात रचाव्यात, त्यांवर भांड्याच्या तोंडापेक्षा लहान झाकण थेट टेकवावे आणि शिजल्यावर निवू द्याव्यात, कारण निवताना चव आत मुरते. हे सकाळीच करून ठेवता येते; शेजारणीच्या पाऊण तासाचे रहस्य बहुधा हेच असावे.

मुगागाठी:
मिसो सूप उकळू नये, आच बंद करून मिसो विरघळवावा, असे सगळे सांगतात, आणि पांढऱ्या किंवा पिवळसर मिसोबाबत ते खरे आहे, कारण उकळल्याने सुगंध उडतो. पण तुमच्या भागातला तांबडा मिसो केवळ सोयाबीनचा असून दीर्घकाळ मुरवलेला असतो आणि तो उकळणे सोसतो. नागोयाचे मिसो-निकोमी उदोन, म्हणजे मिसोच्या सारातल्या गव्हाच्या जाड नूडल्स, तर त्यातच रटरटत शिजते. तेव्हा तुमची चूक उकळण्याची नसून प्रमाणाची असावी. एका वाडग्याला दोन-तीन चहाचे चमचे घालून चव पाहावी, आणि या मिसोला कात्सुओबुशीऐवजी निबोशीची दाशी द्यावी. निबोशी म्हणजे उकडून वाळवलेले छोटे मासे, आपल्या सुक्या मांदेलीच्याच कुळातले. डोके व पोट काढून टाकले नाही तर दाशी कडू होते.

शाकंभरी (पुणे):
सासूबाईंसाठी एक सावधगिरी बाळगावी. दाशीच्या बहुतेक भुकट्यांत, नूडल्सच्या तयार सारात आणि ‘दाशी-इरी’ (दाशी घातलेला) असे लिहिलेल्या मिसोतही सहसा मासा असतो. बाहेरून शाकाहारी दिसणाऱ्या उकडलेल्या पालकावरही कात्सुओबुशीचा कीस भुरभुरलेला असतो. घरी कोम्बू आणि सुके शिताके मशरूम थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत. बौद्ध मठांतील शाकाहारी स्वयंपाकाची दाशी अशीच असते. दुसऱ्या दिवशी ते मशरूम भाजीत घालावेत. पालक उकडून घट्ट पिळावा आणि भाजलेल्या तिळाचे कूट, शोयू व थोडी साखर यांत कालवावा. तिळकुटाची चव ओळखीची असल्याने माझ्या आईने पहिल्याच दिवशी दोनदा वाढून घेतला.

सांजवात (नागोया):
सर्वांचे आभार. आज निबोशीची दाशी केली, मिसो दोनच चमचे घातला आणि तोफू व पातीचा कांदा सोडला. मुलाने वाडगा तोंडाला लावून संपवला. आता शाकाहारी दाशीसाठी वेगळे भांडे आणते.