वडिलांचा १२ एमएमचा खडा, शॉकने फोडावा का?

चोपड्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी. वडील एकसष्ट वर्षांचे, केळीवाले. डाव्या किडनीत मुतखडा निघालाय. सीटी रिपोर्टात लिहिलंय: १२ एमएम, लोअर पोल (म्हणजे किडनीचा खालचा भाग), १२५० एचयू. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायची इकोस्प्रिन गोळी चालू आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत, शॉक वेव्ह (बाहेरून मशीननं ठोके देऊन खडा फोडायचा) नाहीतर दुर्बिणीतून लेझर. वडील म्हणतात, "कापाकापी नको. मशीनवर पडतो अन् संध्याकाळी घरी. माल कटाईला आलाय." खरंच एवढं सोपं असतं का?

रावेरचा_आप्पा
मी केलंय भो. माझा ८ एमएमचा, वरच्या बाजूला होता. कमरेखाली पाण्याची गादी, जेली, अन् टक-टक-टक सुरू. कोणी रबर ताणून पाठीवर मारतंय असं वाटतं. नंतर लघवी लाल झाली, तर घरची घाबरली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. खरं काम तिथून पुढं. चहाच्या जुन्या गाळणीत लघवी गाळायची. वाळू पडली, तीच डबीत घालून तपासायला दिली. एक कण निघताना मात्र आई आठवली!

निंबाची_सावली
पानफुटीची पानं उपाशीपोटी अन् हुलग्याचं पाणी. आमच्या काकांचा पडला. मशीनच्या नादी लागू नका.

भुसावळ_टेक्निशियन
चोपडेकर भाऊ, मी या मशीनवर बरीच वर्षं ड्यूटी केली, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

आप्पांचा खडा अन् तुमच्या वडिलांचा खडा, यात फरक आहे. एचयूवरून खडा किती कडक ते कळतं. हजाराच्या वर गेला की फुटायला नखरे करतो. त्यात लोअर पोल. फुटला तरी भुगा वर चढून बाहेर पडायला हवा, तो खालच्या कप्प्यातच बसून राहतो. मग पुन्हा बैठक. एका बैठकीत दोन-तीन हजार ठोके, मिनिटाला ६० ते ९०. श्वासाबरोबर किडनी खालीवर होते, निशाणा सारखा बघावा लागतो. जेलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी ठोक्याचा जोर तिथंच मरतो. (पहिला पेशंट १९८० साली म्युनिकला झाला. मशीन डॉर्नियर या विमानवाल्या कंपनीचं. तेव्हा माणसाला चक्क पाण्याच्या टबात ठेवायचे.)

इकोस्प्रिनचं सगळ्यात आधी सांगा. शॉकनं किडनीभोवती रक्त साकळू शकतं. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, हृदयात स्टेंट आहे. हार्टवाले अन् किडनीवाले डॉक्टर आपसात बोलू द्या. रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येत नसेल तर बहुधा लेझरकडेच वळतात. माझं मत विचाराल तर तुमच्या वडिलांना तोच बरा दिसतो. त्यातही कापाकापी नाही, लघवीच्या वाटेनंच दुर्बीण जाते. भूल मात्र द्यावी लागते. आत डीजे स्टेंट (किडनीतून लघवीच्या पिशवीपर्यंतची तात्पुरती नळी) ठेवला तर काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. लोक विसरतात, मग त्या नळीवरच खडे चढतात.

सावलीताई, ५ एमएमच्या आतले खडे बरेचदा आपोआप पडतात, काकांचा तसलाच असेल. १२ एमएमचा काढ्यानं पडेल म्हणून वाट बघू नये.

चोपड्याचा_पोरगा
वडिलांना वाचून दाखवलं. विमानवाल्या कंपनीचं ऐकून लेझरचं नावच घेईनात! सध्या दुखत नाहीये. कटाई होईपर्यंत थांबलं तर?

भुसावळ_टेक्निशियन
किडनीला सूज अन् लघवीत इन्फेक्शन नसेल तर थांबता येईल का, ते डॉक्टरांनाच विचारा. पण कळ अन् थंडीताप एकदम आले तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. आपल्या ४५ डिग्रीत बागेत उभं राहायचं म्हणजे घामाचं पाणी वेगळं धरा. दूध-दही बंद करू नका, मीठ कमी करा. शेवभाजी अन् लोणचं त्यातच आलं.