१३७.५ अंश कोण भरतं?
सूर्यफुलाच्या बियांची मांडणी दाखवणाऱ्या मॉडेलमध्ये लागोपाठच्या दोन बियांमधला १३७.५ अंशांचा कोन आपणच भरतो, मग त्यातून झाडाबद्दल काय कळलं, असा आक्षेप घेतला जातो. बिया कुठे बसतील हे सांगणाऱ्या फोगेलच्या १९७९च्या सूत्राला तो चपखल लागू पडतो. ते सूत्र चित्र हुबेहूब काढतं, कारण सांगत नाही. पण १९९२मध्ये दुआदी आणि कुदेर या भौतिकशास्त्रज्ञांनी तेलाच्या बशीत मधोमध चुंबकीय द्रवाचे थेंब एकेक सोडले. थेंब एकमेकांना ढकलत कडेला सरकायचे. ते भराभर पडू लागले तसा साधारण तोच कोन आपोआप आला! (प्रयोग भौतिकशास्त्राचा, झाडाचा नव्हे, हे मान्य.) झाडात फुटू लागलेलं पान भोवतालचं ऑक्सिन (पान फुटायला लागणारं वाढीचं संप्रेरक) ओढून घेतं, म्हणून पुढचं पान त्याच्यापासून लांब फुटतं. २००६च्या संगणकी मॉडेलांत पेशींमधली ही ऑक्सिनची ने-आणच घातली होती, कोन नव्हे. तरी पानं सर्पिलातच आली.