अलिया चावेझ ओक्लाहोमाला का गेली? पैसा, की खरंच खेळ?

पलासिया_गार्ड
2025 मध्ये शाळा संपवणाऱ्या अमेरिकन मुलींच्या बॅचमध्ये ईएसपीएन या क्रीडा चॅनेलने पहिल्या क्रमांकावर ठेवलेली बास्केटबॉलपटू अलिया चावेझ कॉलेजसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात गेली. मार्च 2025 मध्ये तिने जाहीर केलं, तेव्हापासून आपल्या इंदूरच्या बास्केटबॉलवाल्यांत वाद चालू आहे. घर टेक्सास राज्यातल्या लबॉकमध्ये, टेक्सास टेक विद्यापीठ अगदी दाराशी. टेक्सास विद्यापीठ 2025 च्या फायनल फोरची, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांतली टीम. साउथ कॅरोलायनाकडे तीन विजेतेपदं. आणि हिने निवडली ती टीम, जिच्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपद एकदाही जिंकलेलं नाही. काही जण म्हणतात पैसा, काही म्हणतात जबाबदारी नको होती. खेळाच्या अंगाने कोणी नीट सांगेल का? आणि आता सही झाली म्हणजे ती चार वर्षं तिथेच, असं असतं का?

पिक_अँड_रोल_इंदूर
जबाबदारी टाळायची असती तर ओक्लाहोमा ही सगळ्यात वाईट निवड ठरली असती. तिथे पहिल्या दिवसापासून बॉल तिच्याच हातात राहणार.

रेगन बीअर्सपासून सुरुवात करा. सहा फूट चार इंचांची सेंटर (रिंगजवळ खेळणारी उंच खेळाडू), 2024 मध्ये ओरेगन स्टेटहून ओक्लाहोमात आली, आणि 2025-26 हे तिचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष. बीअर्स स्क्रीन लावून, म्हणजे चावेझला अडवणारीच्या वाटेत उभी राहून, रिंगकडे वळली की बचाव करणाऱ्यांची पंचाईत होते. स्क्रीनच्या खालून (रिंगच्या बाजूने) गेलात तर चावेझ तिथूनच थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारते. वरून गेलात तर ती आत घुसते. दोघी तिच्यावर धावल्या तर बीअर्स मोकळी. 2024-25 च्या सीझनला या टीमकडे सेंटर होती, पण तिच्यापर्यंत बॉल वेळेवर पोचवणारी गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी) नव्हती. टीम देशातल्या सर्वांत वेगवान टीमांपैकी, आणि त्या वेगात टर्नओव्हर (बॉल प्रतिस्पर्ध्याकडे जाणं) फार व्हायचे. स्वीट सिक्स्टीनमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत, यूकॉनने (कनेटिकट विद्यापीठ) त्यांना 82-59 ने हरवलं, पेज बेकर्सने एकटीने 40 केले. कोच जेनी बरान्चिक वेग कमी करणाऱ्यांतल्या नाहीत, म्हणजे गार्डच हवी होती.

आता टेक्सास बघा. विक शेफर यांची टीम बचावावर आणि आतल्या शॉट्सवर चालते, थ्री अगदी कमी घेते. शिवाय 2025-26 साठी रोरी हार्मन पॉइंटला (मुख्य गार्ड म्हणून) परत आली. थ्री हेच जिचं मोठं शस्त्र, तिने तिथे वर्षभर काय करायचं? साउथ कॅरोलायनात बेंच एवढी खोल असते, म्हणजे बदली खेळाडूही एवढ्या चांगल्या असतात, की मिलेसिया फुलवायलीसारखी मुलगी बेंचवरून यायची, आणि एप्रिल 2025 मध्ये ती एलएसयूला (लुइझियाना स्टेट) निघून गेली. विजेतेपदं मोजण्याआधी मिनिटं मोजावीत, हे माझं ठाम मत.

पहिल्या वर्षी अडचण येईलच. शाळेत दोघी अंगावर आल्या तरी शॉट मारून निभावतं. एसईसीमध्ये (ओक्लाहोमा खेळते ती कॉलेजांची लीग) ट्रॅप, म्हणजे दोघींनी मिळून कोंडणं, मध्यरेषेजवळच लागतो, आणि ड्रिबल थांबवली की संपलं. नोव्हेंबरात तिचे पॉइंट नका बघू, असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि टर्नओव्हर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

नर्मदा_रिबाउंड
दादाशी सहमत, पण लबॉकच्या लोकांचं दुःख समजून घ्या. टेक्सास टेकचं एकमेव विजेतेपद 1993 चं. फायनलमध्ये शेरिल स्वूप्सने 47 पॉइंट केले, ओहायो स्टेटवर 84-82. स्वूप्स तिथून जवळच्याच ब्राउनफील्डची. ती आधी टेक्सासला गेली होती, घरची ओढ लागून लगेच परतली, साउथ प्लेन्स कॉलेजात खेळली आणि मग टेकमध्ये आली. आजच्या कोच क्रिस्टा गर्लिक त्याच 1993 च्या टीममध्ये होत्या. गावातली मुलगी गावाला जिंकून देते, ही गोष्ट तिथे घराघरांत माहीत आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाचं गाव नॉर्मन तर लबॉकहून जवळजवळ इंदूर-मुंबई एवढं लांब. जीव तुटणारच. तरी तिला शिव्या देणं चूक, ती पोरच आहे.

कागदपत्र_काकू
सहीबद्दल. तोंडी होकाराने काहीच बांधलं जात नाही, ना मुलगी ना कॉलेज. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे त्या कॉलेजात येणार असं लिहून देणारं पत्र, असायचं, ते ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं. आता स्कॉलरशिपचाच करार होतो आणि त्यावर सही झाली की दुसऱ्या कॉलेजांनी तिच्याशी बोलायचं नाही. पण एक सीझन खेळून ती ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) जाऊ शकते, आणि अभ्यास वेळेवर चालू असेल तर एप्रिल 2024 पासून कॉलेज बदलल्यावर न खेळता बसून राहण्याचं वर्षही उरलेलं नाही. उलट डब्ल्यूएनबीएला (मुलींची व्यावसायिक लीग) लवकर जाता येत नाही: अमेरिकन मुलगी ड्राफ्टच्या (टीमांनी नव्या खेळाडू निवडण्याच्या) वर्षात 22 ची होणारी असावी, किंवा डिग्री, किंवा शाळा सोडून चार वर्षं. म्हणजे मुलांसारखं एका वर्षात निघणं नाही.

पैशाचं म्हणाल तर 1 जुलै 2025 पासून कॉलेज थेट खेळाडूंना देऊ शकतं, 2025-26 साठी कमाल सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. मात्र हा आकडा कॉलेजच्या सगळ्या खेळांचा मिळून आहे आणि ओक्लाहोमासारख्या ठिकाणी त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉलचा. बाहेरच्या जाहिरातींचे 600 डॉलरपासून वरचे करार कळवावे लागतात. पैसा प्रत्येक मोठ्या कॉलेजकडे आहे, म्हणून तेवढ्यावरून ओक्लाहोमाच का हे उलगडत नाही.

पलासिया_गार्ड
आता कळलं. काकू, रेसकोर्स रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये नववी-दहावीच्या दोन-तीन मुली खरंच चांगल्या आहेत. त्यांच्यासाठी हा रस्ता आहे का?

कागदपत्र_काकू
आहे. संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला खेळली, हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात. मुली अडकतात त्या बहुतेक वेळा कागदावर.

डिव्हिजन वनसाठी (अमेरिकन कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर) नववी ते बारावीत मिळून 16 कोअर, म्हणजे मुख्य, विषय लागतात, एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक: इंग्रजी 4 वर्षं, गणित 3, विज्ञान 2, सामाजिक शास्त्र 2, बाकीचे त्याच धर्तीचे. सरासरी 4 पैकी 2.3. सॅट या प्रवेश परीक्षेची अट 2023 मध्ये गेली, तरी काही कॉलेजं प्रवेशासाठी मागतात. अकरावीत गणित सोडायच्या आधी ही मोजणी करा, नंतर भरून काढायला वेळ मिळत नाही. बोर्डाच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटबरोबर नववी आणि अकरावीचे शाळेचे निकालही जपून ठेवायला सांगा, नेमके तेच हरवतात.

दुसरी चूक फार महागात पडते. बारावीनंतर साधारण एकच वर्ष मोकळं मिळतं. त्यानंतरही राज्याच्या स्पर्धा खेळत राहिलं तर प्रत्येक वर्षामागे कॉलेजचा एक सीझन जातो. आणि एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर तिथे राहून जाहिरातीचं काम करून पैसे घेणं म्हणजे व्हिसाच धोक्यात, तेव्हा घरच्यांनी ती कमाई धरूनच चालू नये.

पिक_अँड_रोल_इंदूर
व्हिडिओचं मी सांगतो. हायलाइट तीन मिनिटांच्या आत, सुरुवातीला जर्सीचा रंग आणि नंबर, सोबत दोन पूर्ण मॅच न कापता. मोबाइल उंचावर, मध्यरेषेच्या समोर, स्टँडवर घट्ट. बास्केटमागून घेतलेल्या व्हिडिओत बचावातले पाय दिसत नाहीत आणि कोच तेच शोधतात. चुकलेले शॉट काढू नका, चुकल्यावर मुलगी परत धावते का हे त्यांना बघायचं असतं. बॉल सहा नंबरचाच, थ्रीची रेषा 6.75 मीटर, म्हणजे इथलीच. शॉट क्लॉक तिथे 30 सेकंदांचा, आपल्याकडे 24 चा, तेव्हा आपल्या मुलींना उलट निवांत वाटेल.

नर्मदा_रिबाउंड
त्या मुलींना चावेझच्या मॅच दाखवा ना. नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत आपण नॉर्मनच्या साडेअकरा तास पुढे असतो. तिथली संध्याकाळी सातची मॅच इथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. शाळेच्या आधी दोन क्वार्टर आरामात होतात.