विषय: गाडीत नॅव्हिगेशनवाला सेट बसवतोय, कंपनीचा सॉकेट कापू का?

नमस्कार मंडळी,

जरा सल्ला हवाय. गाडी १२ वर्षांची झाली, इंजिन ठणठणीत आहे, पण कंपनीचा सीडी प्लेयर आता सीडी आत घेतो आणि बाहेरच काढत नाही, आणि नॅव्हिगेशन तर त्यात कधी नव्हतंच. फोन एसीच्या जाळीला क्लिपने अडकवतो, तो वळणावर सुटून पायापाशी पडतो आणि चालत्या गाडीत वाकून उचलायला हात जातोच, परवा त्या नादात समोरच्या गाडीवर आदळता आदळता वाचलो. तेव्हाच ठरवलं की आता बास. ७ इंची टचस्क्रीनचा सेट मागवला, त्यात नॅव्हिगेशन, ब्लूटूथ, यूएसबी, मागच्या कॅमेऱ्याची सोय सगळं आहे.

काल जुना सेट बाहेर काढून बघितला तर मागे कंपनीचे दोन सॉकेट आणि अँटेनाची पिन, आणि नव्याला नुसत्या मोकळ्या वायरी, वीसेक तरी असतील. रंग कशाचेच कशाशी जुळत नाहीत. एका व्हिडिओत माणूस सरळ सॉकेट कापतो, वायरी पिळतो, टेप गुंडाळतो, पंधरा मिनिटांत गाणी सुरू. तसंच करू का? शनिवार मोकळा ठेवलाय. कोणी स्वतः केलंय का हे?

----

उत्तर:

अरे, कटर हातात असेल तर आधी खाली ठेव.

सॉकेट कापायचा नाही. एवढं ठासून सांगतोय कारण मी तो कापलेला आहे. पहिल्या गाडीत अगदी त्या व्हिडिओतल्यासारखंच केलं होतं, कापलं, पिळलं, काळी टेप गुंडाळली, गाणी लागली, मी खूश. चौथ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक टक, बॅटरी पार बसलेली, आणि मुलीला परीक्षेला सोडायचं होतं. झालं असं होतं की सेटची पिवळी आणि लाल वायर मी एकत्र पिळून दोन्ही गाडीच्या कायम चालू असलेल्या वायरला जोडल्या होत्या, म्हणजे किल्ली काढली तरी सेटला वाटायचं की गाडी चालूच आहे. आणि पुढे उन्हाळ्यात डॅशबोर्ड तापून टेपचा गोंद वितळला, टेप सैल होऊन सरकली, स्पीकरच्या दोन वायरी उघड्या पडून एकमेकींना टेकल्या आणि डाव्या बाजूचा आवाज कायमचा गेला. गाडी विकताना जुना सेट परत बसवू म्हटलं तर सॉकेटच जागेवर नाही.

म्हणून तुझ्या गाडीचा मेक, मॉडेल, वर्ष सांगून अडॅप्टर हार्नेस माग. त्याचं एक टोक गाडीच्या सॉकेटात खट्कन बसतं, दुसऱ्या टोकाला मोकळ्या वायरी असतात, त्या नव्या सेटच्या वायरींना जोडायच्या. आणि ते सगळं घरात टेबलावर उजेडात बसून करता येतं, डॅशबोर्डच्या भोकात मान घालून नाही. जोड क्रिंप कर, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाब, किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढव, टेप नको. बरोबर फेसिया पण माग, म्हणजे सेटभोवतीची ती प्लास्टिकची चौकट. साधा सेट १८० बाय ५० मिलिमीटरचा आणि डबल डिन, म्हणजे दुप्पट उंचीचा, १८० बाय १०० चा, पण काही जपानी गाड्यांत भोक २०० मिलिमीटर रुंद असतं, तिथे बाजूच्या फटी भरायला पट्ट्या लागतात. आधी मोजून घे.

आता रंग. गाडीतल्या वायरींचे रंग सरळ विसर, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तुझ्या गाडीतली लाल आणि सेटची लाल यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसेल. पण बाजारात मिळणाऱ्या सेटचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, घड्याळ आणि मेमरी तिच्यावर टिकते आणि मुख्य करंटसुद्धा तिच्यातूनच येतो. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीला जाणारी. निळ्यावर पांढरी रेघ असेल ती बाहेरच्या ॲम्प्लिफायरला चालू हो असं सांगणारी, तुझ्याकडे ॲम्प नसेल तर तिचं टोक झाकून मोकळी सोड, ती चुकून अर्थला टेकू देऊ नको. नारिंगी लाइटची. स्पीकरच्या चार जोड्या, पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळी रेघ असलेली ती त्या जोडीतली मायनस. तरी सेटबरोबर आलेला कागद उघडून एकदा ताडून बघच. आणि स्पीकरची मायनस बॉडीला कधीही लावू नको, जुन्या रेडिओत चालून जायचं, आताच्या सेटमध्ये दोन्ही वायरींवर ॲम्प काम करतो, बॉडीला लावलीस की आतली आयसी जळू शकते.

हार्नेस आला तरी मीटर (मल्टिमीटर) लावल्याशिवाय विश्वास ठेवू नको. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडाला. किल्ली काढलेली असताना जिथे १२.५ च्या आसपास दिसतात ती कायमची. किल्लीच्या पहिल्या खटक्यावर जिथे व्होल्ट येतात आणि किल्ली काढली की जातात ती सेटच्या लालसाठी. काही युरोपियन गाड्यांत सॉकेट दिसायला तोच पण ४ आणि ७ नंबरच्या, म्हणजे कायमची आणि किल्लीची, पिना उलट असतात, तशाच जोडल्या तर सेट छान वाजतो पण किल्ली काढली की घड्याळ, स्टेशनं, ब्लूटूथ सगळं विसरतो, आणि माणूस सेट खराब म्हणून परत पाठवतो.

स्पीकरच्या प्लस मायनसबद्दल शंका आली तर दीड व्होल्टचा साधा सेल घे आणि स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकव. कोन बाहेर उचलला तर सेलची प्लस जिथे आहे ती स्पीकरची प्लस, आत गेला तर उलट. हे फक्त सेट जोडलेला नसताना करायचं. एक स्पीकर उलटा लागला तर वाजतो सगळं, पण तबल्याचा बायाँ ऐकूच येत नाही, दोन कोन एकमेकांविरुद्ध हवा ढकलतात म्हणून. लोक मग बास वाढवत बसतात.

मीटरचं काम झालं की बॅटरीची मायनस काढ आणि दहा मिनिटं थांब मगच पुढचं उघड, एअरबॅगच्या वायरिंगमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. पिवळं आवरण असलेल्या कनेक्टरला हातच लावू नको. बॅटरी परत जोडल्यावर पॉवर विंडो एका दाबात वर जाणं विसरली असेल तर घाबरू नको, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं, बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने परत शिकते.

----

उत्तर:

काकांनी वायरिंगचं सांगितलं ते सोळा आणे खरं. मी जीपीएसचं सांगते, कारण तू नॅव्हिगेशनसाठी हा सगळा घाट घालतोयस आणि तीच अँटेना लोक शेवटी उरलेल्या जागेत कोंबतात.

ती काड्यापेटीएवढी चौकोनी डबी असते, खाली लोहचुंबक. उपग्रह वर सुमारे २०,२०० किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो, प्लास्टिकमधून येतो पण पत्र्यातून येत नाही. मी पहिल्यांदा ती सेटच्याच पत्र्याच्या डब्याच्या मागे सोडली होती आणि नकाशावर माझी गाडी शेजारच्या रस्त्यावरून, कधी नदीतून चालायची. वळण येऊन मागे गेलं की मग बाई सांगायची डावीकडे वळा. तीच डबी डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकच्या लगेच खाली, काचेच्या जवळ, सपाट आणि तोंड वर करून चिकटवली आणि सगळं सरळ झालं. वर आडवा लोखंडी बीम येत नाही ना ते हात घालून बघ. काचेला उष्णता परतवणारा धातूचा थर असेल तर त्यातूनही सिग्नल अडतो, अशा काचेत आरशाजवळ बहुधा एक मोकळा पट्टा ठेवलेला असतो, अँटेना तिथे.

डॅशबोर्ड बंद करायच्या आधी गाडी उघड्यावर आण आणि सेटच्या स्क्रीनवर किती उपग्रह पकडले ते बघ. पहिल्या वेळी वेळ लागतो, उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून दोन मिनिटांत अँटेना खराब ठरवू नको. बोगद्यात आकाशच नसतं, तिथे कंपनीची नॅव्हिगेशन चाकाच्या वेगावरून अंदाज बांधते, तुझ्या सेटला स्पीड सिग्नलची वायर दिली असेल, बहुतेक वेळा गुलाबी असते, तर ती जोडायचा कंटाळा करू नको.

फोनवर बोलायचा माइक काचेशेजारच्या खांबावरून नेणार असशील तर खांबाच्या आवरणावर एअरबॅग लिहिलंय का ते बघ. लिहिलं असेल तर वायर एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही, ती फुटते तेव्हा वाटेतली वायर आणि माइक तोंडावर येतात. मी तर माइक सरळ स्टीअरिंगच्या मागे लावलाय, पलीकडच्याला माझा आवाज छान जातो.

आणि हँडब्रेकची वायर असते, ती लोक बॉडीला लावून टाकतात म्हणजे चालत्या गाडीत व्हिडिओ दिसतो. नको करूस. ६० च्या वेगात दोन सेकंद नजर स्क्रीनवर गेली तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. तू फोन उचलताना वाचलास म्हणून तर हा सेट घेतलास ना.

----

उत्तर:

काका, ताई, खूप खूप आभार. हार्नेस मागवला, आला, टेबलावर सगळे जोड क्रिंप केले, ताईंनी सांगितलं तशी अँटेना डॅशबोर्डखाली लावली, ९ उपग्रह दिसतायत.

पण अडलोय. मीटर लावला तर किल्लीवर चालू बंद होणारी वायर सापडतच नाही. एक कायमची सापडली, अर्थ सापडली, बाकी कुठेच १२ व्होल्ट नाहीत, किल्ली कितीही फिरवा. हार्नेसच्या लालमागे गाडीच्या बाजूला पिनच नाही. जुना सेट मग किल्लीबरोबर चालू कसा व्हायचा? तात्पुरती लाल पिवळीला जोडून बघितली, सेट चालला, लगेच सोडवली, काकांची बॅटरी आठवली.

आणि दुसरं, खोक्यावर ४ बाय ५० वॅट लिहिलंय, मग आवाज थोडा वाढवला की फाटतो का?

----

उत्तर:

शाब्बास, सोडवलीस ते बरं केलंस.

तुझ्या गाडीत किल्लीचा निरोप वायरने येत नाही, कॅन बसवरून येतो. म्हणजे दोन बारीक पिळलेल्या वायरींवरून गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक डबे एकमेकांशी बोलतात आणि जुना सेट ते ऐकून जागा व्हायचा. नव्याला ती भाषा येत नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे कॅन बसचा डबा असलेला अडॅप्टर घ्यायचा, तो निरोप ऐकून लालवर १२ व्होल्ट देतो, स्टीअरिंगवरची बटणंही चालतात त्याने बऱ्याचदा. दुसरी म्हणजे फ्यूज बॉक्समधून घ्यायचं. सिगारेट लायटरचा फ्यूज मीटरने बघ, किल्ली काढल्यावर तिथले व्होल्ट जात असतील तर फ्यूज टॅप मिळतो, फ्यूजच्या जागी बसून जास्तीची एक वायर देणारा, तो लावून लाल तिथे जोड, टॅपमध्ये छोटा फ्यूज टाकून. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजवरून काहीही घ्यायचं नाही. स्टीअरिंगची बटणं तुला हवी असतील तर मी पहिलीच वाट घेईन.

५० वॅट हा क्षणभराचा आकडा आहे रे. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा, हिशोब केला तर स्वच्छ आवाज चॅनलमागे फार तर वीस पंचवीस वॅट निघतो, त्याच्यापुढे लाटेची टोकं कापली जातात आणि तेच तुला फाटल्यासारखं ऐकू येतं. बास शून्यावर आण, लाउडनेस बंद कर, मग ऐक. तेवढ्याने भागलं नाही तर वेगळा ॲम्प लागेल. त्याची पॉवर थेट बॅटरीवरून आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज, सेटमधून ॲम्पला गाणं नेणारी आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने, नाहीतर इंजिनच्या आवाजाबरोबर चढणारी शिट्टी गाण्यात येते.

सगळं झालं की एक शेवटचं काम राहतं, गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातो ते बघायचं. बॅटरीची मायनस सोडून मध्ये मीटर १० ॲम्पिअरवर लावायचा, दारं बंद, किल्ली काढलेली, अर्धा तास थांबायचं. ५० मिलिॲम्पिअरच्या खाली आलं तर निवांत झोप. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवू नको, मीटरचा फ्यूज उडेल.

----

उत्तर:

काका, कॅन बसचा डबा लावला. किल्लीवर सेट चालू होतो, काढली की बंद होतो, स्टीअरिंगवरून आवाज कमी जास्त होतो. मीटर लावून बसलो होतो, सुरुवातीला ६०० मिलिॲम्पिअर दिसले आणि पोटात गोळा आला, मग अठराव्या मिनिटाला आतून कुठेतरी टिक झालं आणि आकडा २८ वर आला, तिथेच राहिला.

बास शून्यावर केला तर फाटणं गेलं. आणि तुम्ही म्हणालात म्हणून सेलने बघितलं, मागचा उजवा स्पीकर खरंच उलटा होता, माझ्या जोडात नाही, आधीच कोणीतरी बदललेला. सरळ केला. तेच रेकॉर्डिंग, तीच गाडी, बायाँ पहिल्यांदा नीट ऐकला, गाडी लावून झाली तरी आम्ही दोघं ते संपेपर्यंत आतच बसून राहिलो.

कंपनीचा सॉकेट जसा होता तसा आहे, जुना सेट खोक्यात घालून ठेवलाय.

एकच राहिलंय. यूएसबी एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केल्यावर गाणी दिसली, पण देवनागरीतली नावं नुसते चौकोन चौकोन दिसतात, रोमनमधली नीट. कोणाच्या सेटवर मराठी नावं दिसत असतील तर कुठलं सॉफ्टवेअर व्हर्जन आहे तेवढं सांगा, ४०० गाण्यांची नावं बदलायला बसायच्या आधी.