दोन इन्सुलेटरच्या सांध्यात वीज, पण आकडा स्थिर राहत नाही

कालिना_एमएस्सी
प्रोजेक्टसाठी स्ट्रॉन्शियम टायटनेटवर (एसटीओ) लॅन्थनम ॲल्युमिनेटचा (एलएओ) १० युनिट सेलचा (स्फटिकाचा सगळ्यात लहान, पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा म्हणजे युनिट सेल) थर बसवलेला नमुना मिळालाय. बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) अनुक्रमे ३.२ आणि ५.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे दोन्ही पक्के इन्सुलेटर. तरी सांध्यातून करंट जातो, ते वाचलंय. माझी अडचण वेगळी आहे. सकाळी डबीतून काढून लगेच मोजलं तर रेझिस्टन्स जास्त, दुपारी बराच कमी. सर म्हणतात कॉन्टॅक्ट बघ. पण मी चार प्रोबने मोजतोय, त्यात कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स येतच नाही!

पवईकर
जुलै आहे रे बाबा. दमट हवा. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद डब्यात) ठेव आणि सिलिका जेल बदल.

ठाण्याची_ताई
आधी ट्यूबलाइट बंद कर. एसटीओवर उजेड पडला की जादा वाहक (करंट वाहून नेणारे इलेक्ट्रॉन) तयार होतात आणि उजेड गेल्यावरही कितीतरी तास रेंगाळतात. डबीतला नमुना अंधारात मुरलेला असतो, दुपारचा टेबलावर उजेड खाऊन बसलेला. रात्रभर अंधारात ठेव, अंधारातच मोज. माझ्या पीएचडीत क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवून मोजायच्या भांड्याच्या) खिडकीला काळी टेप लावल्याशिवाय मी एकही रीडिंग वहीत उतरवत नसे.

पवईकर, दमटपणाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. ३ युनिट सेलच्या थरावर एएफएमच्या (अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या) सुईच्या टोकाने वीज वाहणाऱ्या रेघा ओढतात, त्यात पृष्ठभागावरच्या पाण्याचा हात असतो. पण १० सेलच्या थरात मी आधी उजेडालाच धरेन.

कालिना_एमएस्सी
ताई, मग हे इलेक्ट्रॉन 'पोलर कॅटॅस्ट्रॉफी'चेच ना? सेमिनारमध्ये तेच सांगणार होतो.

ठाण्याची_ताई
सांग, पण एवढ्यावर थांबू नकोस. एलएओचे थर आळीपाळीने धन आणि ऋण भारांचे, त्यामुळे थर वाढतो तसं व्होल्टेज साठतं आणि शेवटी इलेक्ट्रॉन सांध्यात उतरतात. ओटोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये हा सांधा दाखवला. एलएओचा थर ४ युनिट सेलपेक्षा पातळ असेल तर तो वाहत नाही हे २००६ मध्ये आलं, ते या चित्रात छान बसतं. एसटीओचा वरचा थर टायटॅनियम ऑक्साइडचा हवा, स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचा असेल तर सांधा इन्सुलेटरच राहतो, हेही बसतं. पण हिशेबाने चौरस सेंटीमीटरला ३.३×१०^१४ इलेक्ट्रॉन यायला हवेत, आणि हॉल मोजणीत (चुंबकीय क्षेत्र लावून वाहक मोजतात ती) पुष्कळदा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच सापडतात. सेमिनारमध्ये पहिला प्रश्न यावरच येईल.

शिवाय ऑक्सिजन. थर कमी दाबात वाढवला की एसटीओतून ऑक्सिजन निसटतो आणि एकेका रिकाम्या जागेमागे दोनपर्यंत इलेक्ट्रॉन सुटतात. मग सांधा राहतो बाजूला, सगळा सबस्ट्रेटच (खालचा एसटीओचा तुकडा) वाहू लागतो, आणि आपण त्याला द्विमितीय (फक्त सांध्याच्या पातळ पट्टीतलं) वहन म्हणत बसतो. नमुना कुणी वाढवला? दाब किती होता, नंतर ऑक्सिजनमध्ये ॲनीलिंग केलं का (म्हणजे तापवून निसटलेला ऑक्सिजन परत भरला का), विचारून घे.

कालिना_एमएस्सी
दाब १०^-४ मिलिबार असं लेबलवर आहे. ॲनीलिंगचं काही लिहिलेलं नाही.

ठाण्याची_ताई
मग त्यांच्याकडून एक कोरा एसटीओ तुकडा त्याच चेंबरमध्ये, त्याच दाबाला, तेवढाच वेळ तापवून आण, एलएओ न बसवता. अंधारात मोज. तोही वाहिला तर सेमिनारचं शीर्षक बदलावं लागेल.

पवईकर
आणि सिलिका जेल तरीही बदल.