‘मांजर’चा पहिला आवाज कोणता?

पाऊलखुणा: आज भाचीला विचारलं, ‘मांजर’ म्हणताना पहिला आवाज कोणता येतो गं? ठसक्यात म्हणाली, "म्याँव!" एकदम माझा लेक आठवला. ‘बस’ आणि ‘बदक’ची सुरुवात सारखी का, तर म्हणे, "नाही, बदकाला चाकं कुठे असतात?" शब्दालाही स्वतःचा आवाज असतो हे त्याच्या गावीच नव्हतं. मी जाम चिडायचे तेव्हा. तुमच्याकडे कसं जमलं?

रिकामटेकडी: आमच्याकडे तक्ता तोंडपाठ. ‘घर’चा पहिला आवाज? "घराचा" 😂

चष्मिष्ट: बालवाडीत १४ वर्षं काढलीत. आधी स, श, म, न घ्या, लांबवता येतात. स्स्स्ससा. ‘ब’ लांबवायला गेलात की नुसता ‘अ’ लांबतो आणि पोर गोंधळतं. अक्षर दाखवायची घाई नको.

रिकामटेकडी: ताई ते आरशाचं पण सांगा ना

चष्मिष्ट: प, ब, भ, म ला ओठ मिटतात, ते आरशात बघू द्यायचं. क-ख, ट-ठ मध्ये घोळ असेल तर तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. ख, ठ ला चांगली हलते. थांबा, दूध उतू चाललंय

कोरा_कागद: मुलगी म्हणायची ‘चाक’ आणि ‘चिमणी’ची सुरुवात वेगळी. दोन दिवस मी तिला चूक ठरवलं. शेवटी आई म्हणाली, अरे, म्हणून तरी बघ. खरंच की! चाकातला च दातांपाशी, चिमणीतला टाळूला. माफी मागितली तर म्हणते, "‘जाड’ आणि ‘जीभ’ पण."

भटकी: ‘किडा’ला ‘कि’ म्हणाला तर बरोबर धरायचं का? शाळेत ‘क’च हवा म्हणतात

चष्मिष्ट: धरा हो. आपल्याकडे आधी अख्खं अक्षरच कानाला सापडतं. त्यातला क् आणि इ सुटा करणं पुढचं. (दूध गेलंच.)

सायंतारा: आमचा काहीच्या काही सांगायचा. लक्ष नसतं म्हणून चार महिने ओरडले. मग कळलं, सततच्या सर्दीने कानात पाणी साठलेलं, ऐकूच कमी येत होतं. अजून घशाशी येतं.

पाऊलखुणा: अगं, तुला कसं कळणार होतं. आता बरा आहे ना?

सायंतारा: हो, आता मी हळू बोललेलंही ऐकतो, तीच पंचाईत 😄

भटकी: दुधाचं पातेलं घासायला काय वापरता, चष्मिष्टताई?

कोरा_कागद: पाऊलखुणा, पण ‘म्याँव’ही ‘म’नेच सुरू होतं की. अर्धा मार्क द्या भाचीला.

पाऊलखुणा: अय्या, हो की!! थांबा, सांगून येते तिला