‘पुनरुत्थान’, ‘उठणं’ आणि मरणाची नांगी

प्रश्न (मोर्शी) : ख्रिस्ती मातीच्या (दफनविधीच्या) पत्रकात ‘प्रभूचा पुनर्जन्म’ असं छापलेलं दिसतं. ते चूक, एवढं कळतं. पण मातीला सारा गाव येतो, त्यातले बरेच ख्रिस्ती नसतात, आणि ‘पुनरुत्थान’ त्यांच्या डोक्यावरून जातं. मग लिहावं काय? आणि ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ हे प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन (1 करिंथ 15:55) ठेवावं का?

उत्तर (अचलपूर) : ‘पुनर्जन्म’ आधी खोडा. त्यात जुना देह सुटतो, जीव दुसऱ्या कुशीत जातो, फेरा चालूच. ख्रिस्ती श्रद्धेत फेरा नाही. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात उठलेल्या येशूनं थोमा या शिष्याला खिळ्यांच्या खुणा दाखवल्या आहेत. देह तोच, कबर रिकामी. ‘पुनरुत्थान’ शब्द म्हणून नेमका आहे. उत् + स्था, म्हणजे वर उभं राहणं. मूळ ग्रीक ‘अनास्तासिस’चाही अर्थ तोच, त्यातला ‘स्ता’ आपल्या ‘स्था’चा भाऊबंदच. पण वर्तमानपत्रांनी तो सूतगिरण्यांना आणि सहकारी बँकांना लावून लावून पार झिजवला. आणि छापताना ‘रु’ ऱ्हस्व ठेवा, ‘पुनरूत्थान’ नको.

वणी : बोलायला ‘उठला’ पुरे. ग्रीकात इथं ‘एगेइरो’ हेही क्रियापद येतं : निजलेल्याला उठवणं, पडलेल्याला उभं करणं. मार्क 5:41 मध्ये याईराच्या मेलेल्या मुलीला येशू अरामी भाषेत ‘तलीथा कूम’ म्हणतो, म्हणजे ‘पोरी, ऊठ’. इतका घरचा शब्द. मात्र मरणावर सत्ता कोणाची हे सांगायचं असेल तर कर्ता गाळू नका. प्रेषितांची कृत्ये 2:24 मध्ये ‘देवाने त्याला उठवले’ असं आहे. नुसतं ‘उठला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मेलाच नव्हता, बेशुद्ध होता.

याईराची मुलगी, नाईनच्या विधवेचा मुलगा आणि चार दिवस कबरेत असलेला लाजर यांना ‘जिवंत केलं’ म्हणावं. ते पुन्हा रोजच्या जगण्यात परतले, म्हणजे कधीतरी पुन्हा मरणारच होते. रोम 6:9 प्रमाणे उठलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही. दोन्हींना एकच शब्द लावला की प्रवचनाचा सारा मुद्दा सांडतो.

दर्यापूर : ‘तिसऱ्या दिवशी’ या शब्दांपाशीही थांबा. आपल्याकडे ‘तिसरा’ म्हणजे राख सावडणं, पुढं तेरवी. ‘तिसऱ्या दिवशी’ ऐकलं की अर्ध्या लोकांना ‘तिसऱ्याच्या दिवशी’च ऐकू येतं. त्यापेक्षा ‘शुक्रवारी वधस्तंभावर मेला, रविवारी पहाटे उठवला गेला’ असे वार सांगा. मोजणीही तशीच आहे : शुक्रवार धरून रविवार तिसरा. तीन वेळा चोवीस तास मोजत बसलं की हिशेब जुळत नाही, आणि कोणीतरी तो प्रश्न विचारतोच.

वणी : आणखी एक वचन शेतकऱ्यांपुढं फसतं, 1 करिंथ 15:36. पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही, असं पौल म्हणतो. इथं ‘बी मेलं’ म्हणजे कुजलं, उगवलंच नाही, दुबार पेरणी आली. प्रमाणित सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लागते. मेलेलं बी त्या हिशेबातून बादच. ऐकणारा मनात म्हणतो, ‘मेलेलं कसं उगवन?’ पौलाला म्हणायचंय ते असं की दाणा दाणा म्हणून उरत नाही; पुढचं वचनही तेच सांगतं, पेरतो तो नुसता दाणा, वर येतं ते वेगळंच अंग. म्हणून समजावताना ‘दाणा मातीत जिरतो, तेव्हा कोंब येतो’ म्हणा. पण वचन वाचताना शब्द बदलू नका.

अचलपूर : नांगी ठेवा, ठेवाच. मूळ शब्द ‘केन्त्रोन’, टोचणारं टोक. प्रेषितांची कृत्ये 26:14 मध्ये तोच शब्द बैलाच्या पराणीला आला आहे, म्हणजे बैल हाकायची आपली तुतारी. फक्त एक घोळ टाळा : खेकड्याच्या चिमट्यांनाही नांग्या म्हणतात, आणि पत्रकावर चित्र काढणारा विंचवाचे पुढचे चिमटे रंगवतो. इथं शेपटीचा काटा अभिप्रेत आहे. ख्रिस्ती माणूस मरत नाही असा दावा त्यात नाही, तसं असतं तर माती कशाला? विंचू आहे, अंगावरही चढतो, पण विष गेलं. पुढच्याच वचनात पौल सांगतो, मरणाची नांगी म्हणजे पाप. शिवाय मराठीत ‘नांगी टाकणे’ म्हणजे हार मानणे हे आयतं मिळालंय. ‘मरणानं नांगी टाकली’ म्हटलं की बांधावरचा माणूसही मान हलवतो.

मोर्शी : मग असं घेतो : ‘देवाने येशूला मरणातून उठवले. अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’

दर्यापूर : ‘मरणातून’ नको, ‘मेलेल्यांतून’ करा. ग्रीकात अनेकवचन आहे, ‘एक नेक्रोन’. मरणातून तर दुखण्यातून उठलेला माणूसही येतो. ‘मेलेल्यांतून’ म्हणजे त्या साऱ्या निजलेल्यांतून हा पहिला उठला. 1 करिंथच्या त्याच 15व्या अध्यायात त्याला ‘प्रथमफळ’ म्हटलंय, हंगामातली पहिली पेंढी. बाकीचं पीक अजून शेतात उभं आहे.